लॅपटॉपची राखण : यंत्राची आणि आतल्या ऐवजाची

एके काळी लॅपटॉप ही बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिसणारी वस्तू होती. आज ती महाविद्यालयीन मुलांच्या सॅकमध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात, कर सल्लागाराच्या टेबलावर आणि घरच्या जेवणाच्या टेबलावरही आढळते. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत कचेऱ्याच घरी आल्या आणि त्यानंतर घरचा लॅपटॉप व ऑफिसचा लॅपटॉप यांतील सीमारेषाही पुसट झाली. मुलाचा प्रकल्प, आईचे बँक खाते, वडिलांच्या कंपनीच्या निविदा असे सारे एकाच यंत्रात सुखाने नांदत असते. हे यंत्र चोरीला गेले की पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा, आणि मालकही ‘पन्नास हजारांचा होता हो’ म्हणून हळहळतो. तक्रारीत ऐवज म्हणून नोंद होते ती या पन्नास हजारांची. खरा ऐवज मात्र त्या नोंदीत कुठेच नसतो.

लॅपटॉप जातो तेव्हा त्याच्याबरोबर तीन वेगवेगळ्या गोष्टी जातात. पहिली म्हणजे यंत्र. ते पैसे मोजून पुन्हा आणता येते. दुसरी म्हणजे आतली माहिती. तिची दुसरी प्रत ठेवली नसेल तर ती कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. तिसरी, आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे मालकाची ओळख. ब्राउझरमध्ये उघडी असलेली ई-मेल, साठवलेले पासवर्ड, पॅन व आधार कार्डाच्या प्रती, सहीचे स्कॅन केलेले चित्र या साऱ्यांच्या बळावर परका माणूस आपले नाव घेऊन जगात वावरू शकतो. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. शिवाय यांतील जवळजवळ सगळे उपाय चोरी होण्यापूर्वी करायचे असतात.

यंत्रापेक्षा माहिती किती महाग पडते, याची दोन जुनी उदाहरणे आजही संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांकडून सांगितली जातात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या कल्याणाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या मेरिलँड राज्यातील घरी मे २००६ मध्ये घरफोडी झाली. चोरांनी लॅपटॉप आणि त्याच्या जोडीची बाहेरची हार्ड डिस्क उचलली. तिच्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते, आणि तेही साध्या, कोणालाही वाचता येतील अशा स्वरूपात. पुढच्याच महिन्यात यंत्र सापडले व माहितीला कोणी हात लावलेला दिसत नाही, असा निर्वाळा तपास यंत्रणेने दिला. तरीही २००९ मध्ये न्यायालयीन तडजोडीपोटी सरकारला २ कोटी डॉलर मान्य करावे लागले. दुसरे उदाहरण ब्रिटनचे. तेथील नेशनवाइड या गृहकर्ज संस्थेच्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप २००६ मध्ये घरातून चोरीस गेला. त्यात ग्राहकांची गोपनीय माहिती होती हेच संस्थेला ठाऊक नव्हते. चौकशी सुरू व्हायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारी २००७ मध्ये तेथील वित्तीय नियामकाने संस्थेला ९ लाख ८० हजार पौंडांचा दंड ठोठावला. ‘लॅपटॉपवर काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर तयार नसणे, हाच या प्रकरणातील मोठा दोष ठरला.

चोरी कुठे होते?

पुण्या-मुंबईच्या दैनिकांची शहर पाने नियमित वाचणाऱ्याला लॅपटॉप चोरीचे ठरावीक प्रकार तोंडपाठ असतील. विद्यार्थ्यांच्या खोलीतली चोरी हा त्यांतील पहिला. पहाटे एक जण क्लासला किंवा पाणी भरायला जातो, दार नुसते लोटून घेतो, बाकीचे झोपेत असतात. तेवढ्यात आत शिरलेला माणूस चार्जिंगला लावलेले दोन लॅपटॉप व तीन मोबाइल घेऊन निघून जातो. दुसरा प्रकार मोटारीचा. काच फोडून मागच्या आसनावरची बॅग नेणे, किंवा ‘गाडीतून ऑइल गळतंय’, ‘तुमचे पैसे पडले’ असे सांगून चालकाला खाली उतरवणे. तिसरा प्रकार रेल्वेचा : लोकलच्या रॅकवर ठेवलेली सॅक आणि रात्रीच्या गाडीत उशाऐवजी पायाशी ठेवलेली बॅग.

या तिन्हींत चोराला कौशल्य फारसे लागत नाही. लागते ती फक्त दहा सेकंदांची संधी. तेव्हा संधी कमी करणे हाच उपाय. मोटारीत लॅपटॉप ठेवावाच लागणार असेल, तर तो निघतानाच डिकीत टाकावा. मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांदेखत डिकी उघडून बॅग आत ठेवणे म्हणजे आसपास टेहळणी करणाऱ्याला पत्ता सांगण्यासारखे आहे. लोकलमध्ये सॅक पोटाशी धरावी, हे मुंबईकराला सांगायला नको. रात्रीच्या प्रवासात बॅगेचा पट्टा हाताला किंवा बर्थच्या साखळीला अडकवावा. कंपनीचे ठळक बोधचिन्ह असलेली लॅपटॉप बॅग रुबाबदार दिसते खरी, पण आत काय आहे ते ती ओरडून सांगते. साधी सॅक बरी.

अनेक लॅपटॉपच्या कडेला एक छोटी आयताकृती खाच असते. बहुतेकांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नसते. केन्सिंग्टन कंपनीने रूढ केलेल्या पोलादी दोरीच्या कुलपासाठी ती खाच आहे. ही दोरी टेबलाच्या अशा भागाभोवती अडकवावी लागते की टेबल उचलून ती सोडवता येणार नाही. पक्का चोर कटर घेऊन आला तर हे कुलूप टिकणार नाही. मात्र वाचनालय, प्रदर्शनाचा स्टॉल, सामायिक कार्यालय अशा ठिकाणी उचलून चालू पडणाऱ्याला ते नक्की अडवते. अलीकडच्या अतिसडपातळ यंत्रांतून ही खाच नाहीशी होत चालली आहे, हे मात्र खेदाने नमूद करावे लागेल.

विमानतळावरच्या तपासणीत लॅपटॉप बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो. एकाच कंपनीची करड्या रंगाची चार यंत्रे एकामागोमाग बाहेर येतात आणि घाईत अदलाबदल होते. झाकणावर एखादे ओळखू येणारे चित्र आणि तळाला नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी असेल तर हा घोळ टळतो. प्रामाणिक माणसाला यंत्र परत करणेही सोपे जाते. आपल्या पुढच्या माणसाची झडती लांबली असेल तर ट्रे आधीच पुढे सरकवू नये.

यंत्राचा अनुक्रमांक, म्हणजे सीरियल नंबर, आजच टिपून ठेवावा. तो तळाशी बारीक अक्षरांत आणि बिलावर छापलेला असतो. त्या दोहोंचे छायाचित्र काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेवले की काम झाले. याचे महत्त्व असे : मोबाइल हरवला तर ‘संचार साथी’ या सरकारी सेवेच्या आधारे त्याचा आयएमईआय क्रमांक देशभर बंद पाडता येतो. लॅपटॉपला साधारणतः असा क्रमांकच नसतो, त्यामुळे ती सोय येथे उपयोगाची नाही. चोरीचे यंत्र आपलेच आहे हे सिद्ध करण्यास अनुक्रमांकासारखा दुसरा भरवशाचा पुरावा नाही.

पाऊस, चहा आणि वीज

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा मुंबईत किती संगणक पाण्यात गेले याची गणती कोणी ठेवली नाही. तसा प्रलय रोज येत नाही. पण जुलै महिन्यात दुचाकीवरून कचेरीत जाणाऱ्याच्या सॅकमध्ये चेनच्या फटीतून पाणी शिरतेच. सॅकचे रेनकव्हर वरून येणारा पाऊस अडवते, पाठीवरून ओघळणारे पाणी नाही. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत व मग सॅकमध्ये ठेवावा, हा घरगुती उपाय महागड्या बॅगेपेक्षा कमी नाही.

चहा सांडला तर? चार्जर ताबडतोब काढावा आणि पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. फाइल जतन करण्याच्या मोहात पडू नये. मग यंत्र उघडे ठेवून पालथे घालावे व दुरुस्तीकाराकडे न्यावे. ‘चालू होतंय का बघू’ म्हणून दर तासाला बटण दाबण्यानेच बहुतेक यंत्रे कायमची जातात, कारण ओल्या मंडलातून वीज वाहू लागली की गंज व शॉर्टसर्किट दोन्ही संभवतात. तांदळात ठेवण्याचा तोडगा ऐकीव आहे. तांदळाने आतली साखर व दूध काही निघत नाही.

धातूचे कवच असलेल्या लॅपटॉपला चार्जिंग सुरू असताना हात लावल्यास काही घरांत बोटांना झिणझिण्या येतात. याचे कारण बहुधा घराच्या वायरिंगचे अर्थिंग धड नसणे किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावणे हे असते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना चार्जर काढून ठेवावा. बॅटरी फुगून तळ वर आला किंवा टचपॅड उचलल्यासारखा दिसला तर यंत्राचा वापर त्याच क्षणी थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबून बसवणे हा आगीशी खेळ आहे. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीच्या बनावटीच्या ४१ लाख बॅटऱ्या याच आगीच्या भीतीपोटी परत मागवल्या होत्या.

पासवर्ड आहे, मग भीती कशाची?

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. ‘माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, चोराला आतले काही दिसणार नाही,’ असे सुशिक्षित माणसेही ठामपणे सांगतात. हे सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड वापरणाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि ते एका अटीवरच खरे ठरते. हा पासवर्ड विचारते ती विंडोज किंवा तत्सम कार्यप्रणाली. चोराने तळाचे चार स्क्रू काढून आतली डिस्क बाहेर काढली व दुसऱ्या संगणकाला जोडली, तर आपली कार्यप्रणाली मुळी सुरूच होत नाही. मग पासवर्ड विचारणार कोण? अनेक यंत्रांत एखाद्या पेनड्राइव्हवरून दुसरीच कार्यप्रणाली सुरू करूनही हे साधते. माहिती साध्या स्वरूपात असेल तर ती उघड्या वहीसारखी वाचता येते.

याला उपाय एकच : डिस्कवरची सारी माहिती कूटबद्ध करणे, अर्थात एन्क्रिप्शन. माहिती डिस्कवर लिहिली जातानाच एका किल्लीच्या साहाय्याने तिचे निरर्थक अंकांत रूपांतर होते आणि वाचताना पुन्हा मूळ रूप मिळते. किल्ली नसेल तर डिस्क काढून नेणाऱ्याच्या हाती कचरा लागतो. ही सोय नवी नाही व बहुतेकांना ती फुकट उपलब्ध आहे. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ २००७ च्या व्हिस्टापासून आहे. तो महागड्या आवृत्त्यांत मिळतो, परंतु विंडोजच्या होम आवृत्तीतही, यंत्र त्यायोग्य असल्यास, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने त्याचेच सोपे रूप असते. अॅपलच्या मॅकमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ २००३ पासून आहे आणि संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी त्याची सुधारित आवृत्ती २०११ मध्ये आली. लिनक्समध्ये प्रतिष्ठापनेच्या वेळीच तसा पर्याय विचारला जातो. नव्या विंडोज यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर हे कूटबद्धीकरण अनेकदा आपोआप सुरू होते व मालकाला त्याची गंधवार्ताही नसते.

आणि येथेच दुसरा धोका आहे. कूटबद्ध डिस्कला संकटकाळी लागणारी एक राखीव किल्ली असते. बिटलॉकरच्या बाबतीत ती ४८ अंकी असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले, विमानसेवाही कोलमडली. दुरुस्ती तशी साधी, एक फाइल काढून टाकण्याची होती. पण बिटलॉकर असलेल्या यंत्रांवर त्यासाठी ही राखीव किल्ली मागितली गेली आणि ती शोधण्यातच अनेक कचेऱ्यांचा बराच वेळ गेला. घरच्या यंत्राची किल्ली सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. ती तेथे आहे याची खात्री करावी, कागदावर छापून घरातल्या कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नये. असे करणारे महाभाग आहेत!

कूटबद्धीकरण बंद यंत्राचे रक्षण करते, उघड्या यंत्राचे नाही, हेही ध्यानात घ्यावे. ‘सिल्क रोड’ हा इंटरनेटवरील बेकायदा बाजार चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टला अमेरिकी पोलिसांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडले. त्याच्या लॅपटॉपवर कूटबद्धीकरण होते, हे ओळखून पोलिसांनी त्याने प्रवेश करेपर्यंत वाट पाहिली, साध्या वेशातल्या दोघांनी त्याच्या पाठीमागे भांडणाचे नाटक केले आणि तो वळताच उघडा लॅपटॉप ओढून घेतला. पोलिसांनी जे केले ते चोरही करू शकतो. म्हणून टेबलावरून उठताना विंडोजचे बटण व एल, मॅकवर कंट्रोल, कमांड व क्यू ही बटणे एकत्र दाबून पडदा बंद करण्याची सवय लावावी. प्रवासाला निघताना यंत्र नुसते झाकण लावून झोपवू नये, पूर्ण बंद करावे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते की वीज तोडल्यावरही काही काळ किल्ली मेमरीत टिकून राहते व ती थंड केल्यास आणखी अधिक काळ. एवढा खटाटोप सामान्य चोर करणार नाही, हे मान्य. पण बंद करायला कष्ट तरी काय पडतात?

दुसरी प्रत

कूटबद्धीकरणामुळे माहिती चोराला मिळत नाही. पण ती आपल्यालाही परत मिळत नाही. त्यासाठी दुसरी प्रत हवी. जाणकारांचा ठोकताळा असा की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. लॅपटॉपमधील मूळ, कपाटातील बाहेरची हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरील क्लाउड साठवण, एवढ्याने हा हिशेब पुरा होतो. बाहेरची डिस्क लॅपटॉपच्या बॅगेतच फिरवणे म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणे. मेरिलँडच्या चोरीत नेमके तेच झाले होते. या डिस्कलाही कूटबद्धीकरण लावावे आणि प्रत घेऊन झाली की ती यंत्रापासून अलग करावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. फाइली आपोआप जुळवून घेणारी क्लाउड सेवा म्हणजे पुरती दुसरी प्रत नव्हे. लॅपटॉपवर पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते आणि ठरावीक दिवसांनंतर तिच्या कचरापेटीतूनही नाहीशी होते. सहा महिन्यांतून एकदा एखादी जुनी फाइल त्या प्रतीतून प्रत्यक्ष उघडून पाहावी.

न दिसणारा चोर

यंत्राला हात न लावता होणाऱ्या चोऱ्यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, तेव्हा येथे मोजकेच. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक ओलीस धरले, ब्रिटनच्या रुग्णालयांतील शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणाऱ्यांनी या तारखांवर विचार करावा. विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुने यंत्र ‘चांगलं चालतंय’ म्हणून तसेच वापरणाऱ्यांनी विंडोज ११ किंवा लिनक्सचा विचार करणे आता टाळू नये.

आपल्याकडचा मोठा रोग म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर. दुकानदाराने ‘सगळं टाकून देतो’ म्हणून भरलेले ऑफिस, फोटोशॉप आणि त्यांचे कुलूप तोडणारे ‘क्रॅक’ यांबरोबर काय येते, हे तो दुकानदारही जाणत नाही. साठवलेले पासवर्ड व ब्राउझरमधील प्रवेशखुणा गुपचूप बाहेर पाठवणारी जात अलीकडे फार फोफावली आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विविध देशांच्या तपास यंत्रणांच्या सहकार्याने ‘लुमा’ नावाच्या अशा टोळीची यंत्रणा मोडून काढली, तेव्हा केवळ दोन महिन्यांत तिने ग्रासलेले सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक आढळले होते. ब्राउझरची प्रवेशखूणच पळवली गेली तर ओटीपीसुद्धा मध्ये येत नाही. विंडोजबरोबर येणारे ‘डिफेंडर’ घरगुती वापराला पुरेसे आहे. ज्यांना वेगळे अँटिव्हायरस हवे त्यांनी ते विकत घ्यावे. कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी तर पुण्याचीच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वरही सफाईची साधने मोफत मिळतात.

सापडलेला पेनड्राइव्ह जोडू नये, हे सांगणे बालबोध वाटेल. परंतु अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून ठेवले, तेव्हा किमान ४५ टक्के लोकांनी ते जोडून आतल्या फाइली उघडल्या. बहुतेकांना ते मालकाला परत करायचे होते! ‘आम्ही अमुक कंपनीतून बोलतोय, तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे,’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. दूरवरून पडदा पाहू देणारे कोणतेही अॅप अशा माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये. कॅफेतल्या मोफत वायफायची भीती मात्र पूर्वीइतकी बाळगण्याचे कारण उरलेले नाही, कारण आता बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध जोडणी वापरतात. प्रमाणपत्राविषयी इशारा दिसला तर पुढे जाऊ नये, एवढे पाळावे. कॅमेऱ्यावर जाड सरकते झाकण चिकटवण्याची टूम आहे, तिने झाकण मिटताना पडद्याला तडा जाऊ शकतो, असे अॅपलने २०२० मध्ये बजावले होते. कागदाचा पातळ तुकडा पुरतो.

घरातली सारी मंडळी एकच लॅपटॉप वापरत असतील तर प्रत्येकाचे वेगळे खाते करावे आणि मुलांच्या खात्याला नवे प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार देऊ नये. ई-मेलला दुहेरी पडताळणी हवीच. ती फोडली गेली की ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत बाकी सगळी दारे उघडता येतात.

दुरुस्तीच्या दुकानात

लॅपटॉप परक्याच्या हाती आपण स्वतःहून देतो तो दुरुस्तीसाठी. हाँगकाँगमधील एका प्रसिद्ध अभिनेत्याने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधील खासगी छायाचित्रे २००८ च्या प्रारंभी इंटरनेटवर पसरली, अनेकांची कारकीर्द व संसार त्यात होरपळले. तंत्रज्ञाला पुढे शिक्षा झाली, छायाचित्रे काही परत आली नाहीत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंद ठेवणारे लॅपटॉप निरनिराळ्या दुकानांत मुद्दाम किरकोळ दुरुस्तीसाठी दिले. ज्या सोळा यंत्रांतील नोंदी मिळाल्या, त्यांपैकी सहांमध्ये खासगी माहिती चाळली गेली होती आणि दोन ठिकाणी ती चक्क उतरवून घेतली होती.

आपल्याकडे जॉबशीटवर पासवर्डासाठी रकानाच छापलेला असतो आणि ग्राहक तो निमूटपणे भरतो. बॅटरी, कळफलक किंवा पडदा बदलायला पासवर्डची गरज नाही, हे नम्रपणे सांगावे. चाचणीसाठी प्रवेश हवाच असेल तर साधे वेगळे खाते काढून द्यावे, आणि आपल्या खात्याच्या फाइली कूटबद्ध ठेवून प्रशासकाचा पासवर्ड स्वतःकडेच राखावा. डिस्क काढता येणारी असेल तर ती घरी ठेवून यंत्र द्यावे. जुने यंत्र विकताना फाइली ‘डिलीट’ करणे किंवा झटपट फॉरमॅट मारणे पुरत नाही. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘सर्व काढा’ व त्याखालील ‘ड्राइव्ह साफ करा’ हे दोन्ही पर्याय निवडावेत. डिस्क आधीपासून कूटबद्ध असेल तर किल्ली पुसली जाताच उरलेले सारे निरुपयोगी होते.

चोरी झालीच तर

पहिला तास पोलिस ठाणे शोधण्यात घालवू नये. मोबाइलवरून ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. मग बँका व समाजमाध्यमे. यंत्र ऑफिसचे असल्यास कंपनीला त्याच वेळी कळवावे, लाजेपोटी सोमवारची वाट पाहू नये. ‘फाइंड माय डिव्हाइस’ची सोय आधीपासून सुरू असेल तर यंत्राला दूरवरून कुलूप घालता येते, मात्र ते इंटरनेटला जोडले गेले तरच. विंडोजमध्ये ही सोय तोकडी आहे. नव्या मॅकमध्ये मालकाच्या खात्याशिवाय यंत्र पुन्हा वापरातच येत नाही, असे कुलूप आहे. नकाशावर ठिकाण दिसले तरी स्वतः तेथे जाऊन शौर्य गाजवू नये.

मग तक्रार. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रक्रिया संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. चोरीचा संगणक जाणूनबुजून विकत घेणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ब अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वस्तातला ‘सेकंडहँड’ माल बिलाविना घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

डॉक्टर, कर सल्लागार, क्लासचालक अशा ज्यांच्या लॅपटॉपवर इतरांची माहिती असते, त्यांची गोष्ट निराळी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार, असे त्यात ठरवले आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी दक्षता न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची कमाल मर्यादा त्यात आहे. छोट्या दवाखान्याला तेवढा दंड कोणी करणार नाही, हे उघड आहे. पण ‘लॅपटॉपवर काय होते?’ हा नेशनवाइडला अडचणीत आणणारा प्रश्न त्यालाही विचारला जाऊ शकतो.

चोरीचे यंत्र सापडले तर ते मुद्देमाल म्हणून जमा होते आणि न्यायालयाच्या आदेशाने, सुपूर्दनाम्यावर मालकाला मिळते. त्या वेळी मूळ बिल व अनुक्रमांक पुन्हा लागतात. घरी आणल्यावर ते तसेच सुरू करून ई-मेल उघडू नये. मधल्या काळात त्यात कोणी काय बसवले, हे सांगता येत नाही. डिस्क संपूर्ण पुसून कार्यप्रणाली नव्याने घालावी आणि कपाटातल्या प्रतीवरून फाइली परत आणाव्यात.